कोकणी म्हणते, चुवत नाही

दिग्रसमध्ये मला कोणी नावानं हाक मारत नाही. इथं मी 'कोकणी'. रस्त्याच्या कंत्राटदाराकडे स्वयंपाकी म्हणून आलो, रस्ता झाला, कंत्राटदार गेला, आणि मी बस स्टँडजवळच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला राहिलो. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाची पोळी गोल येत असेल तर त्याला काम कुठंही मिळतं. खोली मात्र मिळत नाही. परक्या मुलुखातला एकटा पुरुष हातात पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिला की घरमालकाला एकदम आठवतं, खोली तर भाच्याला द्यायची आहे. या गावात इतके भाचे असतील असं वाटलं नव्हतं.

शेवटी चाचांनी खोली दिली. चाचा म्हणजे मोटारसायकलींचे मिस्त्री. पुढं गॅरेज, मागं त्यांचं घर, मधे स्लॅबची एक खोली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "बिडी ओढतो का?" नाही म्हटलं. "मंग राह्य." त्याच साली मला टायफॉइड झाला तेव्हा चाचींनी वीस दिवस मऊ खिचडी करून घातली. आई फोनवर रडली आणि म्हणाली, "त्या माणसांना कधी दुखवू नको हां." मी आईचं ऐकणारा मुलगा आहे. पुढचं सगळं त्यामुळं झालं.

पुढच्या जुलैत खोली गळायला लागली. इकडे छप्पर गळत नाही, 'चुवते'. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा कानात गेला. मी खाट सरकवली. थेंबही सरकला. आता ज्यांनी आपल्याला मरणातून उठवलं त्यांना 'तुमचं छप्पर चुवतं' हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि रागावून त्यांनी खोली सोडायला सांगितली तर? पुन्हा भाचे मोजत गावभर फिरायचं? मी गप्प राहिलो आणि सकाळी गादी उन्हात टाकली. तीच चाचांनी बघितली.

"काहून रे कोकणी, गादी काहून वाळू घातली?"

"घाम येतो रात्री."

"एवढा? तुयी गादी हाय का बंबई?"

चाचा आत आले, वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं होतं ओशाळतील. पण बिघाड बघितला की मिस्त्री खूश होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तासाभरात स्लॅबवर चार माणसं जमली. एक म्हणाला, पाणी भिंतीतून येतं. दुसरा म्हणाला, सिमेंटमध्ये राख होती. तिसरा म्हणाला, पाणी जिथं पडतं तिथून ते येतच नसतं, आणि हे इतक्या गंभीरपणे म्हणाला की सगळे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. चौथा नुसता चहाला आला होता. चाचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंक्चर हाय. बाकी काही नाही."

पंक्चर शोधायची त्यांची एकच रीत. ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. स्लॅब बुडवता येत नाही, म्हणून त्यांनी पाणी वाहून जायचा पाइप कापडाचा बोळा घालून बंद केला आणि मोटर लावून स्लॅबच भरला. मला शिडी लावून वर बोलावलं. आता एक गोष्ट सांगतो, जी मी इथं कोणाला सांगितली नव्हती. मी उंचीला भितो. आमच्या घरची कौलं बाबा आणि भाऊ परतायचे, मी खाली शिडी धरून उभा राहायचो. पण कोकणातला माणूस पावसाला आणि छपराला घाबरत नाही अशी इथं सगळ्यांची खात्री आहे, म्हणून मी डोळे अर्धे मिटून चढलो. आम्ही दोघं ओणवे होऊन बुडबुडे शोधत होतो. एक सापडलाही. तो माझ्या चपलेतून येत होता.

तरी चाचांनी तीन जागा नक्की केल्या. पाणी काढलं, स्लॅब वाळू दिला, घासपेपरनं घासला, ट्यूबचे गोल तुकडे कापले, सोल्युशन लावून चिकटवले, वरून डांबर. हाताची सफाई बघण्यासारखी होती. हेच काम ट्यूबवर असतं तर मी ती गाडी घेऊन थेट माझ्या गावी, राजापूरला गेलो असतो.

दोन दिवसांनी पाऊस आला. उशीवरचा थेंब खरोखरच थांबला. तो आता पायाशी पडायला लागला. सकाळी चाचांनी दारातून विचारलं, "चुवते का?"

"डोक्यावरचं थांबलं," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. पण चाचांनी शेवटचा शब्द तेवढा ऐकला. पाठ थोपटली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून पायाकडची हकीकत मला सांगवेना. पुढच्या पावसानंतर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी म्हणालो, "एकदम थांबलं."

त्यानंतर मी खाटेच्या पायथ्याशी भगोनं, म्हणजे पातेलं, ठेवायला लागलो. आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून त्यात फडकं घातलं. टायफॉइडपासून चाची रोज संध्याकाळी जेवणाचं ताट घेऊन यायच्या, तेव्हा भगोनं खाटेखाली आणि ओल्या जागेवर मी उभा. ऑगस्टमध्ये एकाची तीन भगोनी झाली, त्यातलं एक चाचींचंच होतं. चाची म्हणायच्या, "बसून का नाही जेवत रे?" मी म्हणायचो, उभ्यानं पचतं चांगलं. त्यांनी हेही ऐकून घेतलं. परमुलुखातल्या माणसाचे काही रीतीरिवाज असतात, असं इथली माणसं समजून घेतात.

इथवर भिजत होतो तो मी एकटाच. पण चाचांना आता हुरूप आला होता. गॅरेजमध्ये ज्याची गाडी येईल त्याला ते छपराची हकीकत सांगायचे, आणि पुरावा म्हणून मला खानावळीतून बोलावून घ्यायचे. माझे हात पिठाचे असायचे.

"इचारा याले. कोकणातला हाय. तिथं चार महिने सूर्य दिसत नाही म्हणे. हा म्हणते चुवत नाही, म्हणजे चुवत नाही."

लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. एका गृहस्थानं विचारलं, "तुमच्याकडेबी असंच करते का, ट्यूब लावून?" मी म्हणालो, "आमच्याकडे कौलं असतात." त्यानं मान हलवली. त्याला यात काहीतरी खोल अर्थ दिसला असावा. पुढच्या गल्लीतल्या दोन घरांवर चाचांनी ट्यूब लावली. ती चुवतात का, हे मी कोणाला विचारलं नाही. तो रस्ताच सोडून दिला.

मग सप्टेंबरात खालाची पाळी आली. खाला म्हणजे चाचींची थोरली बहीण. कापूस पिंजून गाद्या आणि रजया करते. नवरा गेल्यापासून एकटीच करते. थंडीच्या आधी तिला एका वसतिगृहाच्या रजयांचं मोठं काम मिळालं होतं. पिंजलेला कापूस गठ्ठ्यांनी तिच्या घरात आला होता आणि तिथल्या मागच्या खोलीत ठेवायचा होता. त्या खोलीवर चाचांनी आदल्याच आठवड्यात पाच ट्यूब चिकटवल्या होत्या. परतीचा पाऊस अजून व्हायचा होता. पिंजलेला कापूस भिजला की त्याचा लगदा होतो. रजई जाते आणि खालाचा हंगामही जातो.

चाचा मला घेऊन तिच्या घरी गेले. खालानं आधी चहा दिला. मग समोर बसून सरळ विचारलं, "तू सांग रे बाबू. ठेवू का कापूस?"

तिनं चाचांकडे बघितलंच नाही. गावात एवढे शहाणे असताना ती आठवीत शाळा सोडलेल्या पोळीवाल्याला विचारत होती.  आणि तो पोळीवाला खोलीतल्या ओलीनं न वाळलेला सदरा घालून तिच्यासमोर बसला होता.

मी पळवाट काढली. "खाला, आमच्या कोकणात एक रीत आहे. छप्पर नवीन केलं की पहिल्या पावसात त्याच्याखाली काही ठेवत नाहीत."

"काहून?"

"छपराला... सवय व्हावी लागते."

अशी कुठलीही रीत कोकणात नाही. पण खाला विचारात पडली. चाचासुद्धा म्हणाले, "असन बापा, तिथल्या पावसाची गोष्टच अलग." मला वाटलं सुटलो. तेवढ्यात खाला म्हणाली, "पण तुमच्यात भात ना? भाताची रीत कापसाले कायले लागन? अन् मी ठेवू कुठं मंग, डोक्यावर?" तिनं हसत पहिल्या गठ्ठ्याला हात घातला.

"खाला, माझी खोली चुवते," मी म्हणालो.

चाचांचा कप तोंडापाशीच थांबला.

"कधीपासून?" ते म्हणाले.

"पहिल्यापासून."

"अन् मले सांगितलं ते?"

"ते डोक्यावरचं."

 चाचांनी कप खाली ठेवला, उठले आणि गठ्ठा उचलला. मला वाटलं रागानं मागच्या खोलीत नेतायत. ते गॅरेजकडे निघाले. गॅरेजवर नवे टिनाचे पत्रे आहेत, तेवढी एकच जागा खरी कोरडी. आम्ही तिघांनी अकरा खेपा केल्या. दुरुस्तीला आलेल्या सात गाड्या बाहेर ताडपत्रीखाली गेल्या आणि गॅरेजमध्ये कापूस भरला. त्या पूर्ण वेळात चाचा माझ्याशी एकच वाक्य बोलले, "पलीकडून धर." मी मनातल्या मनात पेटी भरत होतो. त्यात काय आधी ठेवायचं तेही ठरवून झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि चांगला दोन तास पडला. खालाची मागची खोली चार ठिकाणी चुवली. ती ओट्यावर उभी राहून बघत होती. तिनं चाचांना काही ऐकवलं नाही. फक्त म्हणाली, "याची रीत बराबर होती." अजूनही तिला ती कोकणातली रीत खरी वाटते. ते मात्र मी दुरुस्त केलेलं नाही.

संध्याकाळी ताट घेऊन चाची आल्या, मागून चाचा. मी उभाच होतो. चाचा खाटेवर बसले, वाकून खालची तीन भगोनी बाहेर ओढली, ओळीनं मांडली आणि चाचींकडे बघितलं.

"हे माझं हाय," चाची मधल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी दोन महिने मोलकरणीवर शक घेतला."

चाचा मला म्हणाले, "गिऱ्हाईकानं मिस्त्रीले खोटं नाही सांगू. तुले वाटन, बुढ्याचं मन राहते. सांगशीन ब्रेक लागते. अन् लागत नसन. मंग? मी दुसऱ्याच्या गाडीले तोच ब्रेक लावीन."

मी म्हणालो, "खोली सोडू का?"

"खोली सोडून कुठं जाशीन? इथंच राह्य अन् चुवते कुठं ते सांग. उद्या सिमेंटवाल्या मिस्त्रीले आणतो. मले समजत नाही ते काम." हे शेवटचं वाक्य बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मी बघितलं. रस्त्याच्या कामावरसुद्धा एवढा दगड कोणाला उचलताना बघितलं नव्हतं.

तेवढ्यात चाची म्हणाल्या, "अन् हे सालन? तेही दोन साल झाले 'एक नंबर, एक नंबर' म्हणून राह्यला. ते तरी खरं हाय का?"

मी ताटातल्या लालभडक रश्श्याकडे बघितलं. आई म्हणाली होती दुखवू नको. मी स्वयंपाकी आहे, मला कळतं. आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जरा तिखट असतं," मी म्हणालो.

"जरा?" चाचांनी विचारलं.

"खूप."

चाची ताट तसंच ठेवून निघून गेल्या. चाचा हळूच म्हणाले, "मी बावीस साल झाले बोललो नाही," आणि तेही गेले. मी बसून जेवलो. नाक पुसत, पण बसून.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. सालन तेवढंच तिखट होतं. बाजूला दह्याची वाटी होती.