पिशवीतली रोपं

पुण्यात मी मूळपेशींवर संशोधन करते, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला आहे. मोताळ्याच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला की तो आधी दुखरा गुडघा पुढे करतो. शेजारच्या काकूंना गेलेले केस परत हवे आहेत. मी डॉक्टर आहे पण तसली नाही, असं म्हटलं की, "मंग कायची डॉक्टर?" म्हणत मंडळी जिलेबीच्या गाडीकडे वळतात.

आईने मात्र बरीच वर्षं काहीच विचारलं नव्हतं. ती कपाशी आणि सोयाबीन करते, स्वतः राबून करते. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिकाबद्दल तिला फारसं कौतुक नसावं. शेवटी एका जुलैत मी सुट्टीला गेले असताना, कपाशीत नांग्या भरताना तिने विषय काढला. नांग्या भरणं म्हणजे तासात, पिकाच्या ओळीत, जिथे बी उगवलं नाही त्या रिकाम्या जागी दुसरं रोप लावणं. त्यासाठी आई पेरणीच्याच दिवशी थोडं बी प्लास्टिकच्या पिशव्यांत टोबते आणि त्या पिशव्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मांडून ठेवते.

"एकदाचं सांग, तू करतं तरी काय तिथं?"

मी सांगितलं. शरीरात काही पेशी अशा असतात, की त्या अजून कोणीच झालेल्या नसतात. कुठे काही मेलं, झिजलं, की त्यांच्यातूनच नव्या पेशी तयार होऊन ती जागा भरतात.

आईने हातातली पिशवी वर धरली. "म्हणजे हे. कोण्या तासात जाईन, याले अजून माहीत नाही."

मग मी डीएनएकडे वळले. प्रत्येक पेशीत हा धागा असतो, तो रोज कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी तो सांधते. मूळपेशी तो कसा सांधतात आणि कधी हात टेकतात, हे मी पाहते. आईने वाकून एक किडलेलं रोप दाखवलं. "हे चार दिवस पाहाचं. सावरलं तं सावरलं. नाही तं उपटाचं. अर्धमेलं तसंच ठेवलं का कीड साऱ्या तासाले लागते."

न सावरणारी पेशी शरीर स्वतःच काढून टाकतं, हेच माझ्या डोक्यात घालायला माझ्या मार्गदर्शकांना तीन महिने लागले होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे धुरा नव्हता.

त्याच वर्षी एका परिषदेत मी हे सगळं आमच्या शेताच्या फोटोसकट सांगितलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, चहाच्या वेळी मोठमोठी माणसं येऊन बोलली. फक्त सांगताना मी म्हटलं होतं, "आमच्या भागातले एक शेतकरी असं सांगतात." "आई सांगते", एवढे दोन शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत. पुण्यात आल्या आल्या मेसमध्ये मी "मले भाजी नको" म्हटलं होतं आणि अख्खं टेबल हसलं होतं. तेव्हापासून मी माझी भाषा घासूनपुसून घेतली होती, आणि भाषेबरोबर आईलाही झाकून ठेवलं होतं. पुढे ती सवयच झाली. पाच वर्षं तो शेतकरी माझ्याबरोबर गावोगाव फिरला. मला वाटतं, मनातल्या मनात मी त्याला फेटासुद्धा बांधला होता.

मग मेहकरच्या एका कॉलेजातून व्याख्यानाचं बोलावणं आलं आणि आई म्हणाली, मीही येते. मी सांगून पाहिलं, बसला गर्दी असते, ऊन आहे, तुला कंटाळा येईल.

"मराठीतच बोलशीन ना? मंग?"

ठेवणीतली साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली. तो फोटो गाळायचा, हे मी बसमध्येच पक्कं केलं होतं. पण बटण नेहमीच्या वेळी दाबलं गेलं, पडद्यावर आमचं शेत आणि आईच्या पिशव्या आल्या, आणि तोंड आपोआप सुरू झालं, "आमच्या भागातले एक शेतकरी..." आई मान तिरकी करून लक्षपूर्वक ऐकत होती. मी तिच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं.

प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उठली. "मॅडम, त्या शेतकऱ्यांना आम्हाला भेटता येईल का? कोणत्या गावचे आहेत?"

मी पाणी प्यायले. ग्लास संपला तरी पीत राहिले.

"वारले ते," पहिल्या रांगेतून आवाज आला. आई शांतपणे मुलीकडे वळून सांगत होती. "लय चांगले होते."

सभागृह हळहळलं. प्राचार्यांनी मान खाली घातली. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग अजिबात नव्हता. लेक अडकली आहे हे तिला दिसलं आणि तिने मला सोडवलं, एवढंच. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, त्या मेसमध्येही नाही.

"नाही," मी माइकवर म्हटलं. "वारले नाहीत. तसं कोणी नव्हतंच. हे सारं माह्या मायनं सांगतलं. हे बसली माही माय, समोर."

टाळ्या वाजल्या. आई पदर सावरत उभी राहिली. टाळ्यांकडे तिचं लक्षच नव्हतं.

"आता खरं बोल्ली तं पुरं बोल," ती म्हणाली. "पिशवी फाडाची, पण मातीची ढेप फुटू द्याची नाही. माती सुटली का रोप मरते. हे तू सोडूनच देलं."

तिचं बरोबर होतं. मूळपेशीही आपल्या भोवतालापासून सोडवल्या की सहसा टिकत नाहीत. हे पुस्तकांत लिहिलेलं आहे, मला पाठ आहे, आणि तरी पाच वर्षांत मी ते एकाही व्याख्यानात सांगितलं नव्हतं. मी टेबलावरचा कागद ओढला आणि सगळ्यांसमोर लिहून घेतलं.

"लिवलं?"

"लिवलं."

"मंग खाली नाव टाक," आई म्हणाली. "माहं टाक. त्या मेलेल्याचं नोको टाकू."