कुलूच्या झाडाला केलेला नमस्कार

सांगू की नको, सांगू की नको असं करता करता चाळीस वर्षं गेली. पण आज चहा झकास झालाय आणि तुम्ही सगळे घरचेच आहात, म्हणून सांगूनच टाकतो. माझ्या आयुष्यात माझा जाहीर सत्कार एकदाच झाला. शाल, नारळ, टाळ्या, सगळं रीतसर! फक्त ज्या कामासाठी झाला, ते काम मी केलंच नव्हतं. कसं? ऐका.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा पवनीचा. सानगडीच्या पलीकडे एका लहान गावात नवाच मास्तर म्हणून लागलो होतो. चष्मा माझा असा जाड, की वर्गातली पोरं म्हणायची, गुरुजींनी डोळे बाटलीच्या बुडात ठेवलेत. चष्मा काढला की समोर माणूस आहे की कपाट, हे ते हललं तरच कळायचं! पण ही गोष्ट मी गावात कोणाला सांगितली नव्हती. पंचविशीचा गडी, लग्न व्हायचं होतं. कोण सांगेल हो?

गावामागे एक पहाडी. वर महादेवाचं छोटंसं ठाणं. जानेवारीतल्या एका रविवारी आम्हा मास्तर लोकांची सकाळी सकाळी पहाडी चढायची टूम निघाली. आमचे हेडमास्तर, माझा खोलीतला सोबती बोरकर आणि मी, असे तिघं.

थंडी म्हणजे काय थंडी! तलावावरून धुकं उठलेलं, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं गायब, पहाडी गायब. बोरकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "काय बे, दिसते ना तुले बराबर?"

"मले? घारीवानी!"

झालं. आता घार म्हटल्यावर चढणं आलं. अर्ध्यावर माझा श्वास भात्यासारखा चालू लागला. पण कबूल कसं करायचं? म्हणालो, "सर, तुम्ही व्हा पुढं. मी जरा निसर्ग पाहत येतो."

धुक्यात निसर्ग! पण हेडमास्तर भावुक माणूस. "वा! पाहा, पाहा," म्हणत ते बोरकरला घेऊन पुढे गेले.

मी एकटा. चढून चढून अंग तापलेलं. डोक्यावरची माकडटोपी काढावी म्हणून वर ओढली. चष्म्याच्या काड्या तिच्यात अडकलेल्या. टोपी हातात आली, चष्मा हवेत गेला. कुठंतरी पाचोळ्यात खस्स आवाज झाला. मग काय, मी चार पायांवर! पाचोळा चाचपला, काटे चाचपले, काहीतरी ओलसर चाचपलं. ते काय होतं, विचारू नका. शेवटी चष्मा सापडला. टाचेला. कर्र!

उभा राहिलो तर सगळं जग धुवून पुसून टाकलेलं. आणि समोर दहा पावलांवर एक उंच, पांढरीशुभ्र आकृती. पांढरं धोतर, पांढरा सदरा. अरे, हे तर हेडमास्तर! माझ्यासाठी थांबले बिचारे!

"नमस्कार सर," मी हात जोडले.

उत्तर नाही.

"उशीर झाला सर. निसर्ग फार होता."

तरी उत्तर नाही. रागावले. पण कशावरून? एकदम आठवलं, मंगळवारची रजा! म्हटलं, आपणच सांगून मोकळं व्हावं.

"सर, मंगळवारी ताप होता म्हणालो, ते खोटं होतं. मी अड्याळला मुलगी पाहायला गेलो होतो."

"मंग? पसंत पडली का पोरगी?"

आवाज मागून आला. बाईचा!

मी गर्रकन वळलो. एक ठेंगणी आकृती, पांढरं लुगडं, हातात लांब काठी. आवाजात हसू दाबलेलं. "अन् गुरुजी, हे तुमी कुलूच्या झाडाले काहून सांगून राहिले?"

कुलूचं झाड पाहिलंय ना तुम्ही? पानं झडली की खोड कसं पांढरंफटक दिसतं! त्या झाडापुढे मी हात जोडून उभा होतो. रजेचा कबुलीजबाब देत!

ही भागरताबाई. पहाडीखालच्या टोलीवर चार घरं होती, त्यातल्या एकात राहायची. पासष्टीची असेल. रोज सकाळी याच वाटेनं वर जाऊन महादेवापुढे दिवा लावते, एवढंच मी ऐकून होतो; आताही दिवा लावूनच उतरत होती. तिला कधी जवळून पाहिलं नव्हतं. आताही काय पाहणार होतो म्हणा!

आता मला खाली उतरायचं होतं, पण मला दिसत नाही हे तिला कळू द्यायचं नव्हतं. मग डोकं चाललं. मी छाती काढून म्हणालो, "आजी, एवढ्या धुक्यात एकट्या कशा जाल? चला, मी सोबत करतो."

तिनं काठीचं मागचं टोक माझ्याकडे केलं. मग म्हणाली, "करा ना बाबू. हे काठी धरा मांगून. मायं वय झालं आता, मांगून कोनी धरलं का बरं वाटते."

आणि निघाली आमची वरात! पुढे ती, मध्ये काठी, मागे तिला सोबत करणारा मी.

काय चालायची हो ती! पाऊल टाकायच्या आधी काठीचं पुढचं टोक जमिनीला जेमतेम लागायचं. टक, टक. "अथी गोटा हालते, डाव्या अंगानं या." टक. "वाका, फांदी हाय."

"हो हो, दिसली," मी म्हणालो आणि फांदी नाकावर घेतली.

एका ठिकाणी मला समोर छान सपाट, करड्या रंगाची वाट दिसली. एवढं दिसतंय म्हटल्यावर हुशारी दाखवायला नको? काठी सोडली आणि तिच्या पुढे झालो. "या आजी, इकडून सोपी वाट..."

फाट्कन काठी नडगीवर! मी कळवळून खाली बसलो.

"हालू नका!" तिचा आवाज एकदम बदलला होता. "पानी वाजून राहिलं, ऐकू नाही येत का? खाली नाला हाय. दोन माणसं खोल."

कान दिले. खरंच, पायाखालून कुठूनतरी खोल पाण्याचा आवाज येत होता. ती वाट नव्हतीच, नाल्यात भरलेलं धुकं होतं. तिनं माझं मनगट धरलं, दोन पावलं मागे घेतलं आणि काठीचं टोक पुन्हा माझ्या मुठीत दिलं. त्यानंतर मी ते टोक असं धरलं, की देवाचा पायही कधी तसा धरला नसेल.

खाली आलो तसं धुकं विरळ झालं. माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलं. दूर काहीतरी पिवळंधम्मक चमकत होतं. "वा आजी! काय सूर्य उगवलाय पाहा समोर!"

"समोर?" ती थांबली. "सूर्य तं माया पाठीले लागून राहिला. तुमाले पिवळं दिसत असन तं ते खळ्यावरचं तणीस होय." म्हणजे मी भाताच्या पेंढ्याला सूर्य म्हणालो होतो!

पहाडी संपून बैलगाडीची सरळ वाट लागली. तिथं ती बाजूला झाली. "आता तुमी पुढं व्हा गुरुजी. मी धरतो मांगून. थकली मी."

थकली असेल, मला वाटलं. मी पुढे झालो आणि ऐटीत चालायला लागलो.

समोरून आरडाओरडा! हेडमास्तर आणि बोरकर. वर मी पोचलोच नाही म्हणून ते दुसऱ्या वाटेनं उतरून मला शोधत होते. टोलीवरची माणसंही जमली होती. हेडमास्तरांनी धावत येऊन मला मिठीच मारली. "धन्य आहात! अहो, एका अंध म्हातारीला तुम्ही पहाडीवरून सुखरूप उतरवलंत!"

"अंध?" मी म्हणालो. "कोण अंध?"

"आता विनय पुरे! बारा वर्षं झाली, भागरताबाईंना काहीच दिसत नाही."

माझ्या हातातली काठीच गळाली.

टोलीवरचा एक जण डोकं खाजवत म्हणाला, "पर सर, ते तं रोजच एकटी जाते..."

"रोजची गोष्ट वेगळी हो!" हेडमास्तर गरजले. "आज धुकं किती होतं!"

आता तुम्हीच सांगा, जिला काहीच दिसत नाही, तिला धुक्याचं काय? पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं, आणि मी गप्प बसलो. तेच चुकलं!

दुसऱ्या दिवसापर्यंत गोष्ट गावभर झाली. बोरकर ज्याला भेटेल त्याला सांगायचा. त्याच्या सांगण्यात आधी नाला रुंद झाला, मग मी तिला खांद्यावर घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी वाघ आला. मी म्हणायचो, "तसं काही नाही हो." लोक म्हणायचे, "पाहा, किती साधा माणूस!" खरं सांगतो, दोन दिवस मला बरंही वाटलं. तिसऱ्या दिवसापासून जेवण जाईना. भागरताबाईनं एका शब्दानं खरं सांगितलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण ती काही बोललीच नाही.

सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं आणि हेडमास्तरांनी माझा सत्कार जाहीर केला. नवा चष्मा भंडाऱ्याहून यायचा होता. त्यामुळे समोरचं सगळं गाव मला रांगोळी विस्कटल्यासारखं दिसत होतं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग भागरताबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती म्हणाली, "काय सांगू? गुरुजीनं काठी सोडली नाही. घट्ट धरून होते. लय जपून आले."

टाळ्यांचा कडकडाट! आणि मला रडूच आलं हो. एकही शब्द खोटा नव्हता, आणि माझी सगळी अब्रू तिनं झाकली होती. सरळ वाटेवर मला पुढे का केलं, तेही तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. थकली कसली ती!

मग मात्र राहवेना. मी उभा राहिलो आणि सगळ्या गावापुढे सांगून टाकलं. चष्मा, कुलू, नाला, तणीस, सगळं. अड्याळची मुलगीसुद्धा! "सत्कार या बाईंचा व्हायला हवा," मी म्हणालो, "यांना आपल्यासारखे डोळे नाहीत, पण आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं!" समोर खुर्चीवर पांढरं लुगडं दिसत होतं. मी गहिवरून चार पावलं पुढे गेलो, शाल त्या खांद्यांवर पांघरली आणि वाकून पायांवर डोकं ठेवलं.

मग पाय मागे सरकले आणि वरून आमच्या सरपंचांचा घोगरा आवाज आला, "अहो गुरुजी, हे काय करून राहिले!"

अख्खं गाव हसायला लागलं. त्या हसण्यात पलीकडून काठीचा आवाज आला. टक, टक, टक. भागरताबाई कोणाचा हात न धरता बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली, चाचपून सरपंचांच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या हातात दिली आणि माझ्यापुढे मान वाकवून म्हणाली,

"टाका आता, गुरुजी. मायं डोकं अथी हाय."