जीप तपासायला चिखल हवा

दुष्काळात बंद पडलेल्या दूध सोसायटीची जुनी जीप मी घेणार होतो. चारी चाकं ओढतात, असं सेक्रेटरी छातीठोक सांगत होता. नेकनूरहून आणलेले मिस्त्री म्हणाले, “चिखलात घातल्याबिगर कळायचं न्हाई.”

चिखल? अख्ख्या शिवारात थेंबभर ओल नव्हती! वैतागून हिंडलो. शेवटी टँकर विहिरीत पाणी ओततो, तिथं सांडलेल्या पाण्याचा चिखल सापडला. घातली जीप. मागची चाकं गरगरली, पुढची हललीच नाहीत. जीप रुतली, तीही टँकरच्या वाटेत.

घागरी घेऊन ताटकळलेल्या बायांनीच ती ढकलून काढली. सेक्रेटरीला झाडायला मी तोंड उघडलं, तर एक म्हातारी माझ्यावरच कडाडली, “आमी सकाळपासून पाण्याची वाट बघायलोत, अन् तू चिखल हुडकायलास व्हय?”