मागच्या बाकावरचा हात

अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आज तो आहे असे म्हणायलाही मी कचरते. मी ख्रिस्ती आहे, पुनरुत्थान मानते. त्यावरून मैत्रिणी गमतीने विचारत, ‘‘मग भुतांनीच तुझं काय घोडं मारलंय?’’ पण वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे जे भिंगाखाली ठेवता येत नाही, त्याबद्दल बोलण्याची मला सवय नाही. निवृत्तीनंतर प्रथमच काही लिहीत आहे... सांभाळून घ्यावे.

मी धरमपेठेत एकटीच राहते. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसते. आमच्या उपासनेत एक प्रथा आहे : पाळक ‘प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो’ म्हणतात आणि मग प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात हातात घेऊन तीच शांती द्यायची. एकट्या माणसासाठी कित्येकदा आठवड्यातला तो एकमेव मानवी स्पर्श असतो. मला तो हवासा वाटे, हे कबूल करायला लाज कशाला?

पूर्वी माझ्या बाकावर एस्तेरबाई बसत. त्यांच्या हातांना सोरायसिस होता — कातडीचे पापुद्रे बाकावर पडत, भेगांतून पाणी येई आणि त्यावर थापलेल्या गंधकाच्या मलमाचा दर्प पुढच्या तीन बाकांपर्यंत जाई. लोक हळूहळू दूर सरकले. साथीच्या काळात उपासना मोबाइलवर दिसू लागली; साथ संपल्यावर सर्वांना परत बोलावले, पण एस्तेरबाईंना ‘‘तुम्ही आपल्या घरूनच पाहा, त्रास कशाला?’’ असे प्रेमाने कळवले गेले. दर रविवारी त्यांना न चुकता लिंक जाई. त्यालाच आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, भेट देणे समजत असे.

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या रविवारी प्रवचनही एकटेपणावरच होते. ख्रिस्त सोबत असताना कोणी एकटे नसते, असे पाळकसाहेब सांगत होते. त्यानंतर शांतीचे अभिवादन आले. बाकावर मी एकटीच होते. सवयीने डोळे मिटून हात पुढे केला... आणि तो कोणीतरी धरला.

ओलसर, खरखरीत हात. भेगांच्या कडा माझ्या तळव्यात रुतल्या. पाठोपाठ गंधकाचा आणि त्याखाली चिघळलेल्या जखमेचा वास आला. मी हात झटकला, डोळे उघडले — बाक रिकामा होता. तळव्याला मात्र चिकट पाणी होते आणि त्यात पांढरे पापुद्रे.

मी नळाखाली हात पुन्हा पुन्हा घासला. वास जाईना.

बाहेर चहा-समोशांची गर्दी होती. मंडळीचे सचिव विल्सनभाऊ बोटांवरची चटणी चाटत उभे होते. एस्तेरबाईंची खबर कोणाला आहे का, असे मी चाचरत विचारले.

‘‘एकदम मस्त आहे ना त्या. कालच ग्रुपवर आमेन टाकला त्यायनं,’’ ते म्हणाले. ‘‘काहून मॅडम, तुम्ही कधीपासून लोकाइले भेटी देऊन राहिल्या?’’

भोवतालचे हसले. मला त्या हातापेक्षा त्या चाटलेल्या बोटांची किळस अधिक आली. मी तशीच ऑटोने शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला गेले.

एस्तेरबाईंची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. घरमालक कुटुंबासह लग्नाला भिवापूरला गेलेले. दाराला आतून कडी होती आणि आतून विव्हळणे ऐकू येत होते. शेजारच्या गृहस्थांनी खांदा लावून कडी तोडली.

एस्तेरबाई मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. मांडीचे हाड मोडले होते, कपडे भिजले होते. मोबाइल उंच फळीवर होता. त्यावर उपासना लावून त्या पाणी घ्यायला वळल्या आणि पाय घसरला. पडल्यापडल्या सगळी उपासना ऐकू येत होती, फळीपर्यंत हात तेवढा पोचत नव्हता. खोलीत तोच वास कोंडला होता. मला तिथून पळून जावेसे वाटत होते.

शेजारी रुग्णवाहिका बोलवायला बाहेर गेले. मी नाकाला पदर लावून त्यांच्याजवळ टेकले. त्या थकलेल्या आवाजात बोलू लागल्या.

‘‘पाळकसाहेबानं शांतीचं म्हटलं, तं मीनं हात समोर केला. दर रविवारी करतो मी, मोबाइलसमोर. कोण घेते? पण आज घेतला वं बाई कोणंतरी. चांगला मऊ हात होता.’’

स्वतःच्या तळव्याकडे पाहत म्हणाल्या, ‘‘मंग झटकून टाकला.’’

स्वरात तक्रार नव्हती. तिथून पुढे मला नाकावर पदर धरवेना.

त्या आता चालतात. मंडळीने ग्रुपवर ‘देवाची करुणा’ म्हणून हात जोडले; भेटायला कोणी आले नाही, त्याचीही किळस येते. रविवारची उपासना आम्ही दोघी त्यांच्या खोलीत मोबाइलवर पाहतो. हुडकेश्वर ते चर्च अंतर किती आणि रिकाम्या बाकावर माझ्या हातात काय आले होते, याचा मी पुष्कळ विचार केला. स्पष्टीकरण सापडलेले नाही. तो मऊ हात माझा होता, हेही त्यांना सांगण्याचे धैर्य झालेले नाही.

शांतीचे अभिवादन आले की त्या हात पुढे करतात. तो हातात घेताना मला शिसारी येते — अजूनही, दर वेळी. पण त्यांनी सोडल्याशिवाय मी तो सोडत नाही.