हेल्मीचा तिसरा ढीग

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी हेल्मी कांगसच्या गॅरेजमध्ये जमिनीवर एक पांढरी चादर अंथरली जाते, आणि त्या चादरीपुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, तळ्यांच्या मुलखात होडी घेऊन चार दिवस राहायचं तर सामान आधी त्या चादरीवर मांडायचं. मग हेल्मी कमरेवर हात ठेवून एकेका वस्तूची उलटतपासणी घेणार. दुसरा टॉर्च कशाला? पहिला बिघडला तर झोप की गुपचूप. झोपायला उजेड लागतो का तुला?

तिचं चुकत नाही, हीच खरी पंचाईत. तिथे एक तळं संपलं की दुसऱ्या तळ्यापर्यंत होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन दगडधोंड्यांतून चालायचं असतं. घरून हौसेने घेतलेली जॅमची काचेची बरणी दुसऱ्या चढावर शिव्या खाते. हेल्मीने गावच्या पोस्टात एकतीस वर्षं पार्सलं तोलली, त्यामुळे वस्तू नुसती तळहातावर घेतली की ती वजन सांगते. तुळईला मासे तोलायचा काटा टांगलेला आहे, पण तो ज्यांचा तिच्यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी. असे लोक एकदाच काटा वापरतात.

सगळं सामान एका खेपेत नेता आलं पाहिजे, हा तिचा हट्ट. वाटेत दोन-दोन खेपा घालणारी माणसं दिसली की ती त्यांना ‘बिऱ्हाड’ म्हणते, आणि फार हळू म्हणते असंही नाही. ज्याची वस्तू त्याच्या पाठीवर, मग तो सहा वर्षांचा का असेना. मात्र बाईला अगदीच काळीज नाही असं समजू नका. प्रत्येकाला एक ‘न विचारायची वस्तू’ नेता येते. ती कशाला हवी, तिचा उपयोग काय, हे कोणी विचारायचं नाही. हेल्मीचा मुलगा कार्ल कॉफीची जुनी किटली नेतो. सून जोलीन विटेएवढं जाड पुस्तक नेते आणि त्याची वीस पानं वाचून परत आणते. तेरा वर्षांची नात सिल्वी युकुलेली नेते. ती छोटी गिटार वाजायला लागली की तळ्यातले मासेसुद्धा पलीकडच्या काठाला जातात, असं कार्लचं म्हणणं. हेल्मीने स्वतः मात्र आजवर असली वस्तू कधी नेली नाही. मला नाही बाई असले लाड, म्हणायची.

तिचा नवरा रेनो माउथऑर्गन न्यायचा. शेवटच्या वर्षी त्याची कंबर दुखत होती, म्हणून त्याने कॅनव्हासचं घडीचं स्टूलही हळूच चादरीच्या कडेला ठेवलं. हेल्मीने ते उचललं. “हे काय? रानात बसायला दगड कमी पडले का? आणि न्यायचंच असेल तर माउथऑर्गन ठेव घरी.” रेनो हसला, स्टूल भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं, आणि चार दिवस दगडावर बसून माउथऑर्गन वाजवला. पुढच्या वर्षी तो नव्हता. स्टूल त्याच खिळ्यावर राहिलं. हेल्मी गॅरेज आवरायला घेते तेव्हा ती भिंत आवरायची तेवढी राहून जाते.

गेल्या वर्षी तिसऱ्या चढावर तिच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. ती वाटेतच मटकन बसली. कार्लने आपलं ओझं पुढे पोचवलं, परत येऊन आईची पिशवी उचलली, म्हणजे एकच वाट तो तीनदा चालला. कांगस कुटुंब बिऱ्हाड झालं, आणि तेही हेल्मीच्या पायी. मग चार दिवस ती तंबूपाशी बसून होती. कार्लने मासे धरले, जोलीनने लाकडं फोडली, सिल्वीने रानतांदळासाठी चूल पेटवली, आणि हेल्मीने बसल्या जागेवरून सगळ्यांना सूचना दिल्या. सूचनांना काही वजन नसतं, असं ती स्वतःच म्हणत आली होती.

घरी परतल्यावर सामानाचे तीन ढीग करायचे, हाही तिचाच नियम. रोज लागलेलं, एखाद्या वेळी लागलेलं आणि मुळीच न लागलेलं. तिसऱ्या ढिगातलं पुढच्या वर्षी येत नाही. औषधांची पेटी तेवढी अपवाद. त्या दिवशी बाकीचे सौनात, अंगणातल्या वाफेच्या खोलीत, घाम गाळायला गेल्यावर हेल्मीने आपली पाठीवरची पिशवी उचलली आणि तिसऱ्या ढिगावर ठेवून दिली. कोणाला बोलली नाही. सगळा हिवाळा तिने ते मनात धरलं आणि ते तिला फार लागत होतं, कारण बर्फ वितळायची वाट ती या चार दिवसांसाठीच बघायची.

यंदा चादर अंथरली, माणसं जमली. हेल्मी यादी वाचत होती. “वाट्या तीन. चमचे तीन. झोपायच्या पिशव्या तीन.”

“मम्मो,” सिल्वी आजीला म्हणाली, “आपण चार आहोत.”

“तुम्ही तीन आहात. चमचे बरोबर आहेत.”

जोलीनने हातातली दोरी खाली ठेवली. “हेल्मी, हे काय नवीन?”

“नवीन काही नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या ढिगात माझी पिशवी होती, ती मीच ठेवली होती. जे लागलं नाही ते येणार नाही. मी इथे नुसती बसून राहीन असं समजू नका, सौनाचं दार रंगवायचं राहिलंय.”

“औषधांची पेटीपण लागत नाही,” जोलीन म्हणाली. “देवाच्या दयेने कधीच लागली नाही. तरी दर वर्षी येते.”

“पेटी चार पौंडांची आहे. मी एकशे बासष्ट.”

“गेल्या वर्षी एकशे अठ्ठावन्न होतीस,” कार्ल म्हणाला. एवढ्या वेळात तो बोललेलं हे पहिलं वाक्य. बापासारखाच तो, शब्दसुद्धा तोलून वापरणारा.

“म्हणजे बघ. आणखीच जड.”

कार्ल वाकला, चादरीवरून आपली कॉफीची किटली उचलली आणि नेऊन फळीवर ठेवली. जोलीनने त्याच्याकडे पाहिलं. मग तिनेही आपलं जाड पुस्तक उचलून किटलीशेजारी ठेवलं. सिल्वी जरा घुटमळली, कारण युकुलेलीवर तिचा खराच जीव. पण तीही उठली आणि युकुलेली फळीवर ठेवून आली.

“हे काय चाललंय?” हेल्मीने विचारलं.

“माझी न विचारायची वस्तू बदलली,” सिल्वी म्हणाली. “मी तुला नेणार आहे.”

“मी पण,” जोलीन म्हणाली. “आणि उपयोग काय, हे विचारायचं नाही. नियम तुझाच आहे.”

हेल्मीचं घोडं तिथेच अडलं. एकवीस वर्षं तिनेच हा नियम सगळ्यांना ऐकवला होता. तरी ती सहजी हरणारी नव्हती. “ज्याची वस्तू त्याच्या पाठीवर, तेही माझंच म्हणणं आहे. मला कोण उचलणार?”

“तू चाल रिकाम्या हाताने, हळूहळू,” कार्ल म्हणाला. “तुझी पिशवी मी घेतो. किटली, पुस्तक आणि ते वाजणारं लाकूड गेलं, तेवढ्यात तुझे कपडे बसतात. एकाच खेपेत.”

“आणि चार दिवस किटलीवाचून माणसात राहशील का तू?”

“पातेल्यात उकळेन.”

हेल्मीने यादी घडी करून खिशात घातली. तिला हसू आलं आणि डोळेही भरले, आणि एवढ्या सगळ्यांसमोर डोळे भरले म्हणून ती स्वतःवरच चिडली. आपल्याला कोणी मागे ठेवलेलं नव्हतं, सबंध वर्ष आपणच आपल्याला मागे ठेवत होतो, हे तिला आत्ता कळलं. आणि रेनोनेही आपली दुखरी कंबर अशीच मुकाट्याने सोसली असेल का, असा विचार तिच्या मनात आला.

ती लंगडत भिंतीपाशी गेली. खिळ्यावरचं स्टूल काढलं, पदराने पुसावं तसं शर्टाच्या टोकाने पुसलं, आणि तळहातावर तोलून पाहिलं. “पावणेतीन पौंड,” ती म्हणाली. काट्याकडे कोणी पाहिलं नाही.

मग तिने ते चादरीवर, चौथ्या माणसाच्या जागी ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत उभी राहिली. सिल्वीने घरातून चौथा चमचा आणला. स्टूल कशाला, ते कोणीच विचारलं नाही.