लाल पेनातला ‘तारो’

बातमी आली तेव्हा मी चष्मा शोधत होतो. कपाटावर, देवघरात, अगदी फ्रिजमध्येसुद्धा बघून झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या घरातून वहिनीची हाक आली, “भाऊ, लवकर या हो... हे उठत नाहीयेत.” मी तसाच धावलो. नाना, माझा थोरला भाऊ, गेला होता. थोड्या वेळानं माझ्या मुलीनं, मनीषानं, मला धरून खुर्चीत बसवलं आणि माझ्या डोक्यावरून चष्मा काढून हातात दिला. एरवी हा किस्सा मी आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याच्या सोसायटीत वर्षभर मीठमसाला लावून सांगितला असता. या वेळी तो नुसता डोळ्यांवर चढवला. नानाचंही असंच सुरू झालं होतं... चष्म्यापासून.

नाना मराठी शाळेत विज्ञान शिकवायचा आणि मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायला. आकाशी सांगितलेला अख्खा लॉट पोपटी करून ठेवणारा म्हणून तिथं अजून माझं नाव निघतं. धुळ्याकडून मला सुरतेला आणलं नानानंच. गुजराती अक्षरंही त्यानंच शिकवली, वर्तमानपत्रावर बोट ठेवून. मी स्वतःच्या हिमतीवर वाचलेला पहिला मथळा होता ‘तारो फाट्यो’. गुजरातीत तारो म्हणजे तुझा, एवढंच मला ठाऊक. तुझा फाटला! चहाच्या टपरीवर चारचौघांत मी आधी शर्टाची पाठ चाचपली, मग हळूच पॅन्टीचं बूड. नाना हसून हसून बाकावरून पडायचा राहिला.

“येडा शे का तू? तारो म्हंजे तारा बी व्हस! वरचा तारा फुटला, तुझी पॅन्ट नाही.”

मग त्यानं समजावलं की तो तारा कधीच फुटून गेलाय, उजेड आपल्यापर्यंत आत्ता पोहोचलाय. मी म्हटलं, “म्हणजे संपला तरी कुणाला पत्ताच नाही?” नाना म्हणाला, “उजेड येतोय तोवर कसा लागणार?”

तेव्हापासून त्याची वही सुरू झाली. विज्ञानाच्या बातम्या कापून चिकटवायच्या आणि कोपऱ्यात लाल पेनानं खूण करायची: मेंदू, प्राणी, नाहीतर तारो. माझ्या फजितीची आठवण म्हणून तारा कधी लिहिलं नाही, कायम तारोच. सकाळी तीन बातम्या वाचून दाखवायचा आणि दुपारी चारच्या चहाला परीक्षा... “हं, तीन सांग.” मी एकदा ठणकावून सांगितलं होतं की फुटणाऱ्या ताऱ्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहतात. खरं तर ते कावळ्यांविषयी होतं. कावळ्यांचंही मला पटेना, म्हणून मी आमच्या दारातल्या कडुनिंबावरच्या कावळ्याला चप्पल फेकून मारली. तो आजतागायत सगळी सोसायटी सोडून माझ्याच टाळक्यात टोच मारतो. नाना म्हणायचा, “बघ, प्रयोग यशस्वी.”

मग नाना चष्मा विसरू लागला, पुढे वर्गाची वाट, पुढे शब्द. चहाच्या वेळी परीक्षा मी घ्यायला लागलो. एकदा त्यानं स्वतःच वाचून दाखवलं की हा आजार घरच्यांच्या लक्षात येण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत शिरलेला असतो. वाचून “ताऱ्यासारखंच की रे,” एवढंच म्हणाला. पुढे एका दुपारी माझ्याकडे बघून त्यानं वहिनीला विचारलं, “हाऊ कोन शे?” मी बाहेर आलो, तोच डोक्यात टोच बसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कावळ्याचा राग आला नाही. निदान तो तरी मला ओळखत होता.

नाना जाऊन आता दीड महिना होईल. वहिनीनं ती वही मला दिली. शेवटचं कात्रण त्याच मेंदूच्या बातमीचं, आणि कोपऱ्यात लाल अक्षरांत खूण मात्र ‘मेंदू’ची नाही, ‘तारो’. वही तुझी, असंच नाना सांगून गेला ना! मनीषाला कौतुकानं दाखवली. ती गुजराती माध्यमात शिकलेली, पटकन बोलून गेली, “पप्पा, चोपडी असती तर ‘तारी’ लिहिलं असतं. तारो म्हणजे... तारो वारो.”

तुझी पाळी.

तिनं जीभ चावली. “अहो, मोठ्या पप्पांची खूण चुकली असेल. डोकं कुठं ठिकाणावर होतं त्यांचं?”

“तर काय!” मी म्हटलं आणि मोठ्यानं हसलो. हात मात्र आपसूक पॅन्टीच्या बुडाकडे गेला. आजारानं खूण चुकवली, की नानानं जाता जाता माझी खोडी काढली, की खरंच काही सांगितलं... सांगणारा आता नाही. आम्ही एकाच आईची लेकरं, एवढंच मला माहीत. मनीषानं डॉक्टरांकडे माझं नाव लावलंय, येत्या मंगळवारी. मी चालढकल केलेली नाही. मी, ज्यानं दाढ काढायलाही तीन वर्षं लावली!

रोज सकाळी वहीतल्या तीन बातम्या वाचतो आणि चारला नानाच्या रिकाम्या खुर्चीसमोर चहा घेऊन बसतो. काल पहिली आली, मेंदूची. दुसरी आली, हत्तींची. तिसरी येईना. चहावर साय धरली, कडुनिंबावरचा कावळा मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला, तरी येईना. शेवटी मी वही उघडून ती तिसरी बातमी शोधली.

कोपऱ्यात लाल अक्षरं होती... तारो.