भोंगाबाईंची बसायची जागा

ज्या बाईच्या नावावर घर आहे, तिलाच रोज सकाळी दहा वाजता त्या घराबाहेर काढायचं आणि वर ‘मजा कर’ म्हणायचं, ह्याला काय म्हणावं ते ज्याने त्याने ठरवावं. भोंगाबाई ह्याला सरळ निर्लज्जपणा म्हणत. सांगणाराही त्यांच्याच बाजूचा आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

भोंगाबाई हे नाव त्यांना एसटीच्या चालक-वाहकांनी दिलं होतं. बाईंची सगळी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे, माईकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, हे सगळं स्थानकाला त्यांच्या तोंडून कळायचं. वीज गेली तर माईकवाचूनही कळायचं. भोंगा म्हटल्याचा त्यांना कधी राग आला नाही, उलट थोडा तोराच होता. उभ्या नोकरीत त्यांना ‘गप्प बसा’ म्हणणारा कुणी भेटला नाही. तो शेवटी घरातच निघाला.

त्यांचा एकुलता एक मुलगा एका कंपनीत बसून दुसऱ्याच कुठल्या कंपनीची कामं करायचा. जागेचं भाडं वाचवायला कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं आणि ह्याने पुढची खोली ताब्यात घेतली. मग नियम सुरू झाले. मिक्सर लावायचा नाही. नळ बारीक सोडायचा. दार ओढून घ्यायचं, पण आवाज न करता. फोन आला तर जिन्यात जाऊन बोलायचं. बाईंनी ऐकलं, कारण पोराच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. पण ज्या बाईने सगळ्या गावाला ऐकवण्यात जन्म घालवला, तिने घरात भांडंही वाजू द्यायचं नाही म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मारच की.

आणि मग ती दुपार आली. बाईंना आतल्या खोलीत डुलकी लागली होती. बाहेर मुलाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी नवीन माणूस आला आणि त्याच्या लॅपटॉपमधून ‘टिंग-टाँग’ असा आवाज झाला. बसस्थानकावर प्रत्येक घोषणेआधी अगदी हाच आवाज वाजायचा. बाई झोपेतच उठून बसल्या आणि खणखणीत आवाजात बोलू लागल्या, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी तांत्रिक बिघाडामुळे रद्द करण्यात आली आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

नेमका त्याच वेळी मुलगा एका बड्या गिऱ्हाइकाला पटवत होता की आमचं काम कधीही बंद पडत नाही.

संध्याकाळी घरात न्यायालय भरलं. सुनेने बँकेतून आल्या आल्या हात वर केले. “मला मध्ये ओढू नका, मी दिवसभर घरात नसते.” मुलगा मात्र गोड बोलत होता. त्याचा गोडवा बाईंना लहानपणापासून माहीत होता. काहीतरी फोडलेलं असलं की तो असाच बोलायचा.

“आई, तुला घरी कंटाळाच येतो ना? आपल्याकडे किती छान छान कॉफीशॉप झालीत. मस्त जाऊन बसत जा. सहापर्यंत. मजा कर.”

“आणि सहाच्या आत पाय दुखले तर?”

“बसायलाच तर जायचंय, आई.”

बाई दुसऱ्या दिवशी पर्स घेऊन निघाल्या. राग असा होता की जिना उतरताना चप्पल मुद्दाम आपटत गेल्या.

पहिल्या दुकानात खुर्च्याच नव्हत्या. उंच स्टुलं होती, पाठ नाही, हात नाही, आणि पाय ठेवायला जी दांडी होती ती बाईंच्या पायापासून वीतभर लांब. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, “मॅम, नाव?”

“नाव कशाला? मी काय पोलीस ठाण्यात आलेय?”

“कपावर लिहायला.”

“कॉफी पिऊन झाल्यावर कप मी घरी नेणार नाही, बाळ.”

बाई त्या स्टुलावर अर्धा तास लोंबकळल्या आणि उतरताना त्यांना एका दाढीवाल्याचा खांदा धरावा लागला. साठीच्या बाईला कोंबडीसारखं दांडीवर बसवणाऱ्यांना काही लाज? दुसऱ्या दुकानात सोफे होते, मऊ होते, बाईंना बरं वाटलं. पण तिथली कॉफी आणून देणारी मुलगी दर थोड्या वेळाने फडकं घेऊन यायची, स्वच्छ टेबल पुसायची आणि विचारायची, “आणखी काही?” तिसऱ्यांदा विचारल्यावर बाई म्हणाल्या, “सरळ ‘उठा’ म्हण की. निदान टेबल तरी झिजायचं नाही.” आणि त्या उठल्या. तिसऱ्या दुकानात गाणी एवढी मोठ्याने लावली होती की बाईंनासुद्धा आपला आवाज ऐकू येईना. म्हणजे विचार करा. आणि त्या गोंगाटात जो तो कानात बोळे कोंबून आपापल्या पडद्यात बघत बसलेला. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

मग बाई मिळेल तिथे बसू लागल्या. बागेतलं बाक, दवाखान्याची प्रतीक्षाखोली, एकदा तर चक्क आपलं जुनं बसस्थानक. तिथे आता घोषणा यंत्र करत होतं. गाड्यांची नावं तोडून तोडून, भाजीसारखी चिरून बोलत होतं. बाईंना तिथे बसवेना. परतताना त्यांना पहिल्यांदाच रडू आलं आणि त्याचाही राग आला.

लाँड्रीच्या शेजारचं दुकान त्यांना असंच, पाऊल जड झाल्यामुळे सापडलं. पाटीवर नुसतं ‘कॉफी’ लिहिलं होतं. आत चार टेबलं आणि भोवती लाकडी खुर्च्या, रुंद, हाताच्या, पाठीला बरोबर टेकणाऱ्या. मालक आधी सुतारकाम करायचा आणि खुर्च्या त्याने स्वतः केल्या होत्या. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. बाईंनी विचारलं, “किती वेळ बसलं तर चालतं?”

“खुर्ची मोडेपर्यंत,” तो म्हणाला आणि कॉफी आदळून गेला.

कॉफी बरी होती, फार काही नाही. पण दुकानात माणसं बोलत होती! निवृत्त शिंपीकाका सगळ्या जगाचे कपडे कसे बिघडलेत ते सांगत होते आणि रात्रपाळी करून आलेली एक नर्सबाई त्यांना खोडून काढत होती. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि तिसऱ्या मिनिटाला आपलं मत दिलं. सगळ्या दुकानाने वळून बघितलं. शिंपीकाका म्हणाले, “वा! ह्याला म्हणतात आवाज. इकडे सरका, माझा डावा कान अधू आहे.”

त्या दिवसापासून बाई दहाला निघायच्या त्या हसत. भांडणं रोज नवी असायची. उकडलेलं अंडं कुठल्या टोकाने फोडावं ह्यावरून शिंपीकाका दोन दिवस रुसले होते. मालक मधूनच ओरडायचा, “हळू!” पण तोच दळायच्या यंत्राचा एवढा खडखडाट करायचा की त्याचं कुणी ऐकत नसे. बाईंना सहा कधी वाजतात कळेनासं झालं. घरी त्या जेमतेम झोपायला जात होत्या, आणि मुलगा सुनेला सांगत होता, “बघ, किती खूश आहे आई. मीच सुचवलं होतं.”

एका दुपारी रस्त्याच्या खोदकामात कुणीतरी इंटरनेटची तार तोडली. मुलगा लॅपटॉप काखेत मारून दुकानात हजर झाला आणि थेट आईच्या टेबलावर, “आई, सरक जरा” म्हणत नर्सबाईचा कप बाजूला सारून, त्याने तो उघडला. फोनवरून जोडणी केली, उभा राहिला आणि सगळ्या दुकानाला म्हणाला, “एक्स्क्यूज मी, माझी महत्त्वाची मीटिंग आहे. थोडा वेळ प्लीज कुणी बोलू नका.”

आता ह्या धिटाईला काय म्हणायचं? ना कुणाशी ओळख, ना पाळख. पण नवल म्हणजे दुकान खरंच गप्प झालं. शिंपीकाका वाक्य अर्ध्यात गिळून बसले. मालकाने यंत्र बंद केलं. नर्सबाईने चमचा वाजू नये म्हणून तो रुमालावर ठेवला. मुलगा पडद्यातल्या माणसांशी हसून बोलू लागला.

बाईंनी मालकाकडे बघितलं, काय हे, अशा नजरेने. तो जवळ आला आणि अगदी हळू पुटपुटला, “तुमचा मुलगा आहे म्हणून. नाहीतर केव्हाच बाहेर काढला असता.”

म्हणजे ही माणसं बाईंच्या भिडेखातर गप्प होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

मुलाने हात हलवला, थांब थांब.

“ऊठ म्हणते ना! हे काय माझं घर आहे, तू म्हणशील तेव्हा गप्प बसायला?”

तो आवाज जुन्या स्थानकात शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचा. इथे तर चारच टेबलं होती. पडद्यातली माणसंही बोलायची थांबली. पण सगळ्यात जास्त दचकल्या त्या बाईच. वाक्य तोंडातून सुटलं आणि त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं. परक्या माणसाच्या दुकानात त्या तोंड उघडू शकत होत्या. स्वतःच्या घरात नाही. आणि इतके दिवस त्या जागा शोधत वणवण फिरत होत्या, पाय दुखवून घेत होत्या, आणि पोरगा म्हणत होता आई खूश आहे.

त्यांनी पर्स उचलली. “काका, चला. नर्सबाई, तुम्हीही. माझ्या घरी बसू. कॉफी मी करते.”

“आत्ता?” शिंपीकाकांनी विचारलं.

“आत्ता. दुपारचं माझं घर मी कित्येक दिवसांत बघितलेलं नाही.”

मालक गुरगुरला, “गिऱ्हाईक पळवता काय?” पण दार त्यानेच उघडून धरलं.

पुढच्या खोलीत बाईंच्या आरामखुर्चीवर तारांचं भेंडोळं होतं, त्यावर खोकी आणि त्यावर मुलाचा ओला टॉवेल. बाईंनी ते सगळं उचलून त्याच्या पलंगावर नेऊन टाकलं. काकांना खुर्ची दिली, नर्सबाईंना गादीवर बसवलं आणि मिक्सर, नळ, भांडी, सगळं मनसोक्त वाजवत कॉफी केली. कप हातात येईपर्यंत काका आणि नर्सबाई पुन्हा भांडायला लागले होते.

मुलगा धापा टाकत दारात आला. चेहरा लाल, लॅपटॉप छातीशी. “आई, काय चाललंय हे? माझ्या नोकरीचं काही—”

“दार लाव,” भोंगाबाई म्हणाल्या, “आणि बोलायचं असेल तर हळू बोल. इथे माणसं बसली आहेत.”